कोच व्हायचं की संघ उभा करणारा?

बास्केटबॉल सोडवत नाही आणि पोटापाण्याचंही बघायचंय, अशी पोरं दरवर्षी आमच्या भुसावळच्या कोर्टवर विचारतात, "सर, कोचिंग करू की मॅनेजमेंट?"

दोन्ही कामं एकाच माणसात बघायची तर अमेरिकेतल्या ब्रॅड स्टीव्हन्सकडे बघ. औषध कंपनीतली नोकरी सोडून तो २००० साली बटलर विद्यापीठाच्या संघासोबत कामाला लागला. पुढे मुख्य कोच म्हणून २०१० आणि २०११ ला संघ विद्यापीठांच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात नेला. २०१३ पासून आठ हंगाम एनबीएमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधल्या, बोस्टन सेल्टिक्स संघाचा कोच. एनबीएचं विजेतेपद काही हाती लागलं नाही. २०२१ मध्ये तो तिथेच बास्केटबॉल विभागाचा अध्यक्ष, म्हणजे संघ उभा करणारा, झाला, आणि २०२४ ला सेल्टिक्स जिंकले तेव्हा कोच होता जो मझुला.

मधली एक गोष्ट मला फार लागते. मार्कस स्मार्ट सात हंगाम स्टीव्हन्सच्या हाताखाली खेळला होता. २०२३ मध्ये क्रिस्टॅप्स पोर्झिंगिसला आणायचं म्हणून त्याच स्मार्टला स्टीव्हन्सने मेम्फिसच्या संघाकडे जाऊ दिलं. कोच समोरच्या पोराला घडवतो. अध्यक्षाला पुढच्या तीन वर्षांचा संघ दिसावा लागतो, मग त्यात आपलं माणूस बसो न बसो.

दोन्ही पदं एकदम घ्यावीत असं वाटत असेल, तर क्लिपर्स या एनबीएच्याच दुसऱ्या संघात डॉक रिव्हर्सकडे ती होती. २०१७ मध्ये अध्यक्षपद गेलं, कोचपद राहिलं.

आता आपल्याकडचं. कोचिंगची वाट निदान दिसते: बी.पी.एड. करून शाळेत क्रीडाशिक्षक, किंवा पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा डिप्लोमा. मॅनेजमेंटचं तसं नाही. जळगाव-धुळ्याकडे त्यासाठी पगार देणारा बास्केटबॉल संघ मी तरी पाहिला नाही. प्रवेशअर्ज, वयाचे दाखले, रेल्वेचं रिझर्वेशन, जर्सीसाठी देणगी, हे सगळं तेच क्रीडाशिक्षक करतात. म्हणून आधी कोचिंग, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण त्यात जीव रमला पाहिजे. मे महिन्यात साडेनऊलाच सिमेंटचा चटका बसतो, म्हणून आम्ही सहाला सुरू करतो. एक पोरगी डाव्या हाताचा ले-अप, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून टाकायचा शॉट, मारताना दरवेळी उजव्याऐवजी डाव्याच पायावर उडायची. तीन आठवडे चेंडू न देता तिच्याकडून नुसती पावलं घालून घेतली. एका सकाळी ती उजव्या पायावर उडाली, चेंडू रिंगवरून बाहेर गेला, आणि आम्ही दोघंही ओरडलो!

हे बघ भो, कोणतं काम झेपेल ते विचारून कळत नाही. पावसाळ्यात शालेय स्पर्धेचा संघ निवडतील तेव्हा आपल्या सरांशेजारी बस. बारा नावं त्यांच्यासोबत लिही. तेराव्या पोराला मात्र तू स्वतः जाऊन सांग.