दोन ऑनर सोसायट्या, एक थीसिस आणि गळ्यातल्या दोऱ्या: तत्त्वज्ञान व धर्म-अध्ययनाच्या पदवीस्तरावरील सन्मानांचे परीक्षण

अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजात तत्त्वज्ञान आणि धर्म-अध्ययन असे दोन मुख्य विषय घेऊन मी बीए केले. पदवीदानाच्या दिवशी माझ्या काळ्या झग्यावर दोन रंगीत दोऱ्या लोंबत होत्या, पदवीपत्रावर लॅटिन भाषेतले तीन शब्द होते आणि गुणपत्रकात ‘विभागीय ऑनर्स’ अशी एक ओळ होती. फोटो पाहून घरच्यांनी विचारले, की हे सगळे नेमके कशाबद्दल? त्या वेळी मला धड उत्तर देता आले नाही. पुढे या विषयांकडे वळणाऱ्या दोन-तीन मराठी मुलांनी तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला: ऑनर सोसायटीची, म्हणजे चांगल्या गुणांच्या विद्यार्थ्यांना सदस्य करून घेणाऱ्या संस्थेची, निमंत्रणाची ईमेल आली आहे, पैसे भरावेत का? त्यांना दिलेले उत्तर जरा सविस्तर लिहून काढावे, म्हणून हे परीक्षण.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला येणारे निमंत्रण बहुधा फाय सिग्मा टाऊ या संस्थेचे असते. ही संस्था १९३० मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउन येथील म्यूलेनबर्ग कॉलेजात निघाली. तेव्हा तिचे नाव अल्फा कॅपा अल्फा असे होते. आजचे नाव तिने १९५५ मध्ये घेतले. धर्म-अध्ययन आणि ईश्वरविद्या यांच्यासाठीची थीटा अल्फा कॅपा त्या मानाने तरुण आहे. ती न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन कॉलेजात १९७६ मध्ये सुरू झाली. दोघींची रचना सारखीच आहे. राष्ट्रीय पातळीवर संस्था, कॉलेजात तिची शाखा, शाखेला एक सल्लागार प्राध्यापक. नावे शाखा सुचवते, शुल्क एकदाच भरायचे असते आणि सदस्यत्व आयुष्यभर राहते. माझ्या झग्यावरच्या दोऱ्या याच दोघींच्या.

पात्रतेचे नियम मात्र नीट वाचण्यासारखे आहेत, कारण सन्मानाची खरी किंमत तिथेच कळते. फाय सिग्मा टाऊसाठी कॉलेजची किमान तीन सत्रे पूर्ण झालेली असावीत, तत्त्वज्ञानाचे किमान दोन सत्र-अभ्यासक्रम झालेले असावेत, त्या विषयातली सरासरी ‘बी’च्या वर असावी आणि एकूण गुणवत्तेत विद्यार्थी आपल्या वर्गाच्या वरच्या ३५ टक्क्यांत असावा. पस्तीस टक्के म्हटले की आपल्याला काठावर पास झालेला मुलगा आठवतो. इथे ते वरून मोजायचे असतात. मुख्य विषय तत्त्वज्ञानच असला पाहिजे अशी अट नाही. थीटा अल्फा कॅपा अधिक कडक आहे: धर्म-अध्ययनाचे किमान बारा क्रेडिट, म्हणजे साधारण चार अभ्यासक्रम, त्यांत ३.५ जीपीए (चारपैकी मोजलेली गुणांची सरासरी), एकूण जीपीए किमान ३.० आणि वरच्या ३५ टक्क्यांची अट इथेही आहेच. हा आकडा दोन्हीकडे सारखा असणे हा योगायोग नव्हे. १९२५ साली स्थापन झालेली असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज नावाची एक छत्रसंस्था आहे, तिने एका विषयापुरत्या संस्थांसाठी हा मापदंड ठरवून दिलेला आहे.

दोन अभ्यासक्रम केलेल्या विद्यार्थ्याला तत्त्वज्ञानाचा सन्मान द्यावा, हे मला सुरुवातीला फार सैल वाटले होते. तर्कशास्त्राची एक परीक्षा आणि प्लेटोवरचे एक सत्र एवढ्या शिदोरीवर गळ्यात दोरी! पण आमच्या तुकडीत रसायनशास्त्राची एक मुलगी होती, जिने तत्त्वज्ञानाचे नेमके दोनच अभ्यासक्रम घेतले होते आणि चर्चेत ती आम्हा मुख्य विषयवाल्यांच्या युक्तिवादातली भोके बोट ठेवून दाखवत असे. त्यामुळे नियमाच्या सैलपणाबद्दलची माझी तक्रार पूर्वीइतकी तीव्र राहिलेली नाही. नियम सैल आहे, एवढे मात्र खरे. ‘तत्त्वज्ञानातला राष्ट्रीय सन्मान’ असे शब्द एखाद्याच्या परिचयात वाचले, तर त्यामागे किती वाचन आहे ते त्या शब्दांवरून कळत नाही.

प्रवेशविधीची संध्याकाळ हृद्य होती, हे कबूल करते. ग्रंथालयाच्या तळमजल्यावरची सेमिनारची खोली, आम्ही सातजण, आणि आगीची घंटा वाजू नये म्हणून बॅटरीवर मिणमिणणाऱ्या प्लास्टिकच्या मेणबत्त्या. सल्लागार प्राध्यापकांनी एक जुनी नोंदवही पुढे केली. तिच्या कडा मऊ पडल्या होत्या आणि पहिल्या पानांवरच्या सह्यांची शाई तपकिरी झाली होती. एकेकाने पुढे यायचे, आपले पूर्ण नाव लिहायचे आणि मागे जाऊन बसायचे, इतकाच विधी. शाल-श्रीफळ नाही, भाषण नाही. त्या दहा मिनिटांत आपल्या आधी इथे इतक्या माणसांनी हेच प्रश्न डोक्यात घेऊन बसायचे पत्करले होते, असे जे वाटले, ते शुल्काच्या बदल्यात मिळालेल्या कुठल्याही कागदापेक्षा मोठे होते.

त्या कागदाची हकीकत मात्र वेगळी. माझ्या दुसऱ्या शाखेचे सल्लागार त्या वर्षी अभ्यासरजेवर गेले होते, बदली प्राध्यापकांना नावे केव्हा कळवायची हे माहीत नव्हते, आणि माझे प्रमाणपत्र पदवीदान होऊन मी गाव सोडल्यावर ऑगस्टमध्ये जुन्या पत्त्यावर पोचले. त्यावर आडनावातले एक अक्षर गळालेले होते. समारंभात घातलेली दोरी मी आदल्या वर्षीच्या एका मैत्रिणीकडून उसनी आणली होती. यात राष्ट्रीय संस्थेचा दोष नाही. चूक आमच्याच विभागाची होती. पण ही सेवा घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, की तिचा दर्जा जवळजवळ पूर्णपणे एका माणसाच्या उत्साहावर अवलंबून असतो. तो प्राध्यापक निवृत्त झाला किंवा कंटाळला, की शाखा झोपते. दोन-चार वर्षांनी कुणीतरी तिला पुन्हा उठवतो.

या सदस्यत्वाचा व्यावहारिक उपयोग काय, हे सर्वांत जास्त विचारले जाते. एक उपयोग नक्की आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत साधा पदवीधर बहुतेक वेळा जीएस-५ या श्रेणीत लागतो, पण ‘उत्कृष्ट शैक्षणिक कामगिरी’ दाखवता आली तर अनेक पदांवर त्याला जीएस-७ या वरच्या श्रेणीत घेता येते. वर सांगितलेल्या छत्रसंस्थेच्या निकषांत बसणाऱ्या ऑनर सोसायटीचे सदस्यत्व हा त्या कामगिरीचा एक मान्य पुरावा आहे. गंमत अशी, की वर्गाच्या वरच्या एक तृतीयांशात असणे, एकूण जीपीए ३.० असणे किंवा मुख्य विषयात ३.५ असणे, हेही त्याच तोडीचे पुरावे धरले जातात. म्हणजे जिथे सदस्यत्वाची किल्ली चालते, ते दार बहुतेकांसाठी गुणांनी आधीच उघडलेले असते. शिवाय या नोकऱ्यांना सहसा अमेरिकी नागरिकत्व लागते, त्यामुळे विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्या मुलांसाठी हा लाभ कागदावरच राहतो.

पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करताना काय होते? परिचयपत्रात एक ओळ वाढते. तत्त्वज्ञानाच्या पीएचडीच्या प्रवेशात खरे वजन असते ते अर्जासोबत पाठवायच्या लेखनाच्या नमुन्याला आणि शिफारसपत्रांना. कुठल्या सोसायटीची दोरी होती, यावरून प्रवेश मिळाला किंवा हुकला असे मी कुणाच्या बाबतीत पाहिलेले नाही.

पण या दोन्ही संस्थांकडे प्रमाणपत्राहून मोलाची एक गोष्ट आहे, आणि सदस्यांपैकी कितीतरी जण तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. दोघीही विद्यार्थ्यांचे लेख छापणारी नियतकालिके काढतात. फाय सिग्मा टाऊच्या नियतकालिकाचे नाव ‘डायलॉग’ असे आहे आणि थीटा अल्फा कॅपाचे नियतकालिक संस्थेच्याच नावाने निघते. पदवीच्या विद्यार्थ्याचा निबंध एरवी कोण वाचतो? एक प्राध्यापक, तोही गुण देण्यापुरता. मी ‘डायलॉग’साठी लेख पाठवायचे ठरवले, तेव्हा अठ्ठावीस पानांचा निबंध सोळा पानांवर आणावा लागला. आमच्या बाईंनी लाल पेन घेऊन पहिली पाच पाने सरळ खोडली आणि म्हणाल्या, तुझा लेख सहाव्या पानावर सुरू होतो. त्या म्हणत होत्या ते खरे होते. लेख छापला गेला नाही. तरीही चार वर्षांतल्या लेखनाच्या शिक्षणाचा निम्मा भाग मी त्या तीन आठवड्यांत शिकले, आणि शुल्क वसूल झाले असे मला वाटते ते त्यामुळेच.

पदवीपत्रावरच्या लॅटिन उपाध्यांबद्दल थोडक्यात सांगते. ‘कुम लाउदे’, ‘माग्ना कुम लाउदे’ आणि ‘सुम्मा कुम लाउदे’ म्हणजे अनुक्रमे प्रशंसेसह, मोठ्या प्रशंसेसह आणि सर्वोच्च प्रशंसेसह. हार्वर्डने १८७२ मध्ये यांतल्या पहिल्या व शेवटच्या उपाधीची सुरुवात केली. मधली नंतर आली. हा बहुतेक ठिकाणी जीपीएचा हिशेब असतो आणि त्याची पातळी प्रत्येक कॉलेज आपापली ठरवते, त्यामुळे एका ठिकाणचा ‘माग्ना’ दुसऱ्या ठिकाणी साधा ‘कुम लाउदे’ ठरू शकतो. शुल्क नाही, अर्ज नाही, तक्रारही नाही.

फाय बीटा कॅपाचा अनुभव मला नाही, कारण आमच्या कॉलेजात तिची शाखाच नव्हती; देशातल्या सुमारे दहा टक्के कॉलेजांतच ती आहे. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात स्थापन झालेली ही संस्था सर्वांत जुनी आणि सर्वांत वजनदार समजली जाते. तिच्यासाठी अर्ज करता येत नाही, शाखाच निवड करते. तिच्या नावातली तीन अक्षरे ज्या ग्रीक वचनाची आहेत त्याचा अर्थ ‘तत्त्वज्ञान हे आयुष्याचे सुकाणू’ असा होतो, मात्र ती सगळ्याच कला व विज्ञान शाखांसाठी खुली आहे. निमंत्रण आले तर फार विचार करत बसू नये.

आता विभागीय ऑनर्स. या सगळ्यात मी पहिला क्रमांक त्याला देते. आमच्याकडे त्याची पद्धत अशी होती, की शेवटचे वर्षभर एका मार्गदर्शकाबरोबर थीसिस लिहायचा आणि मे महिन्यात तीन प्राध्यापकांपुढे तासभर त्याचे समर्थन करायचे. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त केलेले अज्ञानखंडन हा मी विषय घेतला. अविद्या नावाची काही वस्तू मानलीच, तर ती कुणाला असते आणि कशाने कळते, हा त्यांचा प्रश्न मला लहानपणापासून ऐकलेल्या निरूपणांत कधी इतका धारदार वाटला नव्हता. तत्त्वज्ञान विभाग म्हणाला, हा विषय धर्म-अध्ययनाचा आहे. धर्म-अध्ययन विभाग म्हणाला, यात समाज नाही, इतिहास नाही, नुसते युक्तिवाद आहेत, म्हणजे हे तत्त्वज्ञान झाले. सप्टेंबरचा अख्खा महिना मी दोन मजल्यांच्या मध्ये जिने चढत-उतरत काढला. अखेर दोन्हीकडचा एकेक प्राध्यापक समितीवर घेऊन वाट निघाली.

समर्थनाच्या वेळी धर्म-अध्ययनाच्या प्राध्यापकांनी पहिलाच प्रश्न विचारला: ही ओवी युक्तिवाद म्हणून वाचायची, की ज्याला ते दिसले आहे त्याचे बोलणे म्हणून वाचायची? मी म्हटले, युक्तिवाद म्हणून. त्यांनी विचारले, मग उपमा कशाला आहेत? मी गप्प झाले. खोलीतल्या घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. उपमा काढून टाकली तर युक्तिवाद उभा राहतो का, हे एका ओवीवर करून पाहते, असे म्हणून मी फळ्यापाशी गेले. पहिल्या ओवीत जमले, दुसरीत जमले नाही, आणि जमले नाही हे मी मोठ्याने कबूल केले. ऑनर्स मला मिळाले ते त्या कबुलीमुळे, असे मार्गदर्शक नंतर म्हणाले. त्यात त्यांचा चांगुलपणा किती होता ते सांगता येणार नाही. पुढे अर्जांना लेखनाचा नमुना म्हणून मी जोडले ते याच थीसिसचे दुसरे प्रकरण.

यात खोट एकच, पण मोठी आहे. वर्षभराच्या या कामाची गुणपत्रकात उमटणारी ओळ इतकी बारीक असते, की पाहणाऱ्याला तिच्यात आणि एखाद्या निवडक अभ्यासक्रमाच्या नावात फरक कळत नाही. विभाग लहान असेल तर मार्गदर्शक मिळणेही कठीण जाते. तिसऱ्या वर्षाच्या मध्यालाच प्राध्यापकांना गाठावे. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला फार उशीर झालेला असतो.

निमंत्रणाच्या ईमेलविषयी एक सावधगिरी. विद्यार्थ्याची कुठलीही चौकशी न करता ‘आपली निवड झाली आहे’ असे कळवून थेट पैशांच्या पानावर नेणाऱ्या संस्थाही आहेत, आणि त्यांची नावेही ग्रीकच असतात. मला पहिल्या वर्षी, एकाही सत्राचा निकाल लागलेला नसताना, असे एक पत्र आले होते. आपल्या विभागातल्या कुणा प्राध्यापकाला ती शाखा माहीत आहे का, हे विचारले की उलगडा होतो. माहीत असेल, तर त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: मागचा प्रवेशविधी कोणत्या वर्षी झाला, आणि येत्या वर्षी सल्लागार रजेवर तर जाणार नाहीत ना. आडनावाचे स्पेलिंग त्यांना स्वतःच्या हाताने कागदावर लिहून द्यावे.