वेलची लावायची की जी-९? आधी मर कुठल्या रेसची ते बघा

माडाखाली केळ लावायची ठरली की वाडीवाले विचारतात, सफेद वेलची बरी की जी-९? माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: जमिनीत आधी मर, म्हणजे केळ वाळवणारा बुरशीचा रोग, येऊन गेली आहे का, आणि कुठल्या रेसची, म्हणजे त्या बुरशीच्या कुठल्या उपप्रकाराची?

रेस १ वेलचीचा काळ आहे. जी-९ हा कॅव्हेंडिश गटातला वाण. रेस १पुढे तो सहसा टिकतो. टीआर४ (ट्रॉपिकल रेस ४) ही दुसरी रेस मात्र कॅव्हेंडिशलाच आडवं करते, आणि रेस १ला बळी पडणारे बरेचसे वाणही सोडत नाही. टीआर४ बिहार, उत्तर प्रदेशापर्यंत येऊन पोचली आहे, म्हणून हा विचार आत्ताच करायचा.

दोघींची बुरशी एकच, फ्युजेरियम. फरक जनुकांत. रेस १ हे नाव एक असलं तरी त्याखाली एकमेकांपासून लांबची बरीच कुळं येतात. टीआर४ म्हणजे एकाच कुळाची, मीलनाशिवाय वाढलेली संतती. टीआर४मध्ये एसआयएक्स८ हे जनुक असतं, रेस १मध्ये सहसा नसतं. अशा खुणांवरूनच प्रयोगशाळा दोघींना वेगळं काढते. आणि 'रेस १ कॅव्हेंडिशला शिवत नाही' यावरही डोळे मिटून विसंबू नका: रेस १च्याच एका कुळाने तमिळनाडूत कॅव्हेंडिशवर मर आणल्याची नोंद २०१० साली झाली.

डोळ्यांनी मात्र फरक कळत नाही. खालची पानं कडेने पिवळी पडून देठाशी मोडतात, खोडाभोवती लोंबतात. खोड उभं चिरलं तर आत लालसर-तपकिरी धागे दिसतात. दोन्हीकडे अगदी तसंच. ते धागे सोलून टीपकागदात वाळवा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठात विचारा.

माझं मत सांगतो. मर कधीच न आलेल्या वाडीत वेलचीच लावा. घडाला शे-दीडशे केळी आणि दरही चांगला. रेस १ येऊन गेली असेल तर जी-९. टीआर४ निघाली तर दोन्ही नकोत, तिथे केळीचं नावच काढू नका. तिचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं तग धरतात.

मुनवे शेजाऱ्याच्या वाडीतून आणू नका, कितीही ओळखीचा असला तरी. खात्रीच्या ठिकाणची ऊतीसंवर्धित रोपंच घ्या. आपली जांभ्याची माती आम्ल, आणि आम्ल मातीत ही बुरशी फोफावते. म्हणून माती तपासून गरजेपुरता चुना द्या.