पहिल्या महायुद्धातील पूर्वजाचा शोध : युद्धस्मारक आयोगाची नोंद की घरातील पदक?

कोकणातून वा साताऱ्याकडून मेसोपोटेमियाला (आजच्या इराकला) गेलेल्या मराठा शिपायाचा माग काढण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाची (Commonwealth War Graves Commission) युद्धमृतांची सूची विनामूल्य पाहता येते; तीत शिपायाचा क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळदा वडिलांचे नाव व गावही मिळते. मात्र पहिल्या महायुद्धापुरती ती केवळ 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 या काळात मृत्यू पावलेल्यांची आहे, त्यामुळे जिवंत परतलेला आजोबा तिथे सापडणार नाही. शिवाय नावांची रोमन लिपीतील रूपे लहरी आहेत, आणि सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाल्याने मालवणच्या आधी रत्नागिरीच धुंडाळावी, हे सहसा कुणी सांगत नाही.

परतलेल्यासाठी घरची पेटीच अधिक उपयोगी ठरते. ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावा, कारण अक्षरे आधीच झिजलेली असतात. तेथे पलटणीचा म्हणून 110 हा आकडा दिसला, तर ती पलटण 1916 साली मेसोपोटेमियातील कूतच्या वेढ्यात होती आणि 1922 च्या पुनर्रचनेत पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली, एवढे तरी ठरवता येते. पदक माणसाचे मरण सांगत नाही, आयोगाची नोंद त्याचे आयुष्य सांगत नाही. तरीही पदक हाती असेल, तर माझ्या मते सुरुवात त्याच्यापासूनच करावी, कारण क्रमांक मिळाला की नामसाधर्म्याचा घोळ बराचसा मिटतो.