यामाहा आर१ आणि बीएमडब्ल्यू एस १००० आरआर: दोन्ही गाड्या महिनोन्‌महिने चालवल्यानंतर

या दोन सुपरबाइकची, म्हणजे रेसिंगच्या धाटणीच्या मोटारसायकलींची, कागदावरची तुलना पाच मिनिटांत संपते. आर१ ९९८ सीसीची, २०० पीएसची (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच), पेट्रोल-ऑइल भरून २०१ किलोची. बीएमडब्ल्यू ९९९ सीसीची, २०७ पीएसची, १९७ किलोची. टॉर्क, म्हणजे इंजिनाच्या पिळाचा जोर, दोघींचा ११३ न्यूटन-मीटरच्या घरात, आणि पूर्ण ताकद दोघींची १३,५०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला इतके फेरे घेतं तेव्हा. इतक्या चिकटून असलेल्या आकड्यांवरून गाडी निवडता येत नाही. दोन्ही आलटून पालटून चालवल्यावर माझ्यासाठी फरक दोन जागी उरला. वळणाच्या मध्यावर थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) पुन्हा उघडताना मागचं चाक काय कळवतं, ही पहिली जागा. दीड-दोन तास चालवून झाल्यावर मनगटं, मान आणि डोकं कशा अवस्थेत असतं, ही दुसरी. पहिल्या जागी आर१ सरळ सरळ पुढे आहे, दुसऱ्या जागी बीएमडब्ल्यू. आणि रस्त्यावर, मला आवडो न आवडो, दुसऱ्या जागेचंच वजन जास्त पडतं.

माझी आर१ २०२० च्या पिढीतली आहे. बीएमडब्ल्यू २०१९ मध्ये आलेल्या पिढीतली, सस्पेंशनच्या उसळ्या आवरणारं डॅम्पिंग इलेक्ट्रॉनिक असलेली, पण कार्बन चाकांचं एम पॅकेज नसलेली. दोन्हींचे सायलेन्सर आणि इंजिनचं मॅपिंग कंपनीतून आलं तसंच ठेवलं आहे.

आर१ समजून घ्यायची तर तिच्या क्रँकपासून, म्हणजे पिस्टनची खाली-वर हालचाल गोल फिरण्यात बदलणाऱ्या दांड्यापासून, सुरुवात करावी लागते. चार सिलिंडरच्या नेहमीच्या इंजिनात बाहेरचे दोन पिस्टन वर असतात तेव्हा आतले दोन खाली असतात. म्हणजे चारही पिस्टन एकाच क्षणी टोकाला थांबतात आणि एकाच क्षणी वेग घेतात. या थांबण्या-धावण्याचे हिसके क्रँकला बसतात, तिथून चेनमधून टायरपर्यंत पोचतात. थ्रॉटलने तुम्ही मागितलेला टॉर्क आणि हा जडत्वाचा टॉर्क एकमेकांत मिसळून जातात. आर१च्या क्रँकवरच्या पिना ९० अंशांवर आहेत. एक पिस्टन थांबतो तेव्हा दुसरा भर वेगात असतो, आणि हिसके बहुतांशी आपसातच मिटतात. त्यामुळे ज्वलनं सारख्या अंतराने न होता २७०, १८०, ९०, १८० अंशांनी होतात. यामाहाने ही रचना मोटोजीपी या जागतिक शर्यतींतल्या आपल्या एम१ गाडीवरून २००९ मध्ये रस्त्यावरच्या आर१ला दिली, आणि त्याच वर्षी रेसर बेन स्पाइजने या गाडीवर वर्ल्ड सुपरबाइकचं, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवरून बेतलेल्या गाड्यांच्या जागतिक स्पर्धेचं, विजेतेपद घेतलं. याची किंमतही मोजावी लागते. असा क्रँक इंजिनाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डोलवतो, म्हणून ते डोलणं आवरायला जादा बॅलन्सर शाफ्ट लागतो.

चालवताना हे कुठे कळतं? मला ते सर्वांत स्पष्ट कळलं ओलसर रस्त्यावर. पाऊस नुकताच थांबलेला, रस्ता मधे सुकलेला आणि कडेला काळा. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी वळणात झोपवलेली (एका बाजूला कलवलेली), थ्रॉटल बंद. अशा वेळी तो पुन्हा उघडण्याचा पहिला मिलिमीटर फार महत्त्वाचा असतो. आर१वर त्या मिलिमीटरचं उत्तर मिलिमीटरभरच येतं. टायर जमिनीत दाब घेतो, तो दाब सीटमधून मांड्यांना कळतो, आणि पकड संपत आली असेल तर तीही आधी कळते, मग सुटते. चाक घसरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकायच्या आत माझा हात सावरलेला असतो. बीएमडब्ल्यूवर हेच करताना मी इलेक्ट्रॉनिक्सवर विश्वास टाकते. ती यंत्रणा उत्तम आहे, तिने मला कधी दगा दिलेला नाही. पण तिथे निर्णय माझ्या आधी संगणक घेतो, आणि हा फरक मनाला जाणवतो.

आवाजाबद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. ज्वलनाचा हा क्रम ९० अंशांच्या व्ही-फोर इंजिनासारखा (चार सिलिंडर व्ही आकारात बसवलेल्या) आहे, त्यामुळे आर१ चार सिलिंडरची असूनही किंचाळत नाही, खर्जात घुमते. हेल्मेटच्या आतसुद्धा तो घोगरा ठेका ऐकू येतो आणि मला तो अजून जुना वाटलेला नाही.

आता बीएमडब्ल्यूचं इंजिन. क्रँक नेहमीचाच, पण इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या बाजूच्या, कॅमशाफ्टवर प्रत्येक व्हॉल्व्हसाठी दोन वेगळ्या आकारांचे कॅम (व्हॉल्व्ह उचलणारे उंचवटे) आहेत. ९,००० आरपीएमच्या खाली व्हॉल्व्ह कमी उचलणारा कॅम काम करतो, त्याच्या वर शाफ्ट आडवा सरकतो आणि मोठा कॅम काम हाती घेतो. कंपनी याला शिफ्टकॅम म्हणते. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ५,५०० पासून १४,५०० आरपीएमपर्यंत किमान १०० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो, आणि चालवताना ते खोटं वाटत नाही. मोठ्या रस्त्यावर सहाव्या गिअरमध्ये रमतगमत चाललेलं असताना पुढचा ट्रक ओलांडायचा आहे, तर नुसता थ्रॉटल पिळायचा, गाडी खेचत निघते. आर१ला त्याच ठिकाणी एक-दोन गिअर खाली घ्यावे लागतात. आठ हजारांच्या पुढे आर१ झपाटल्यासारखी धावते, पण रस्त्यावर आठ हजारांच्या पुढे जायची संधी किती वेळा मिळते? दोन्ही गाड्यांचा पहिला गिअर इतका लांब आहे की तो पूर्ण ताणला तर बहुतेक रस्त्यांची वेगमर्यादा तिथेच ओलांडली जाते. म्हणून सात हजारांच्या खालचं इंजिन कसं आहे, हे मी दोनशे पीएसपेक्षा महत्त्वाचं मानते. तिथे बीएमडब्ल्यू निर्विवाद सरस आहे. कॅम बदलल्याचा झटका मात्र मला कधीही लागला नाही, फक्त आवाज एकदम मोकळा होतो.

बसण्याच्या बाबतीत तर तुलनाच होत नाही. आर१ची सीट ८५५ मिलिमीटरवर, बीएमडब्ल्यूची ८२४ वर. माझी उंची बेताची आहे, त्यामुळे सिग्नलला आर१वर एका पायाच्या चवड्यावर उभं राहावं लागतं आणि रस्ता उतरता असेल तर आधीच विचार करून थांबावं लागतं. बीएमडब्ल्यूवर दोन्ही चवडे टेकतात. तिचं हँडल जरा रुंद आहे, गुडघ्यांना जागा आहे, टाकीचा आकार असा की ब्रेक मारताना मांड्यांनी गाडी धरता येते आणि हातावरचा भार कमी होतो. आर१ मात्र तुम्हाला कायम पुढच्या चाकावर झुकवून ठेवते. जोरात चालवताना ही बैठक अगदी बरोबर वाटते, कारण पुढचा टायर हातात आल्यासारखा होतो. हळू चालवताना तीच बैठक तळहातांच्या मुळाशी ठणका लावते. संथ वाहतुकीत दोन्ही इंजिनं भट्टीसारखी तापतात. आर१ची धग मांड्यांना अधिक लागते.

माझ्या बीएमडब्ल्यूला क्रूझ कंट्रोल आणि गरम होणाऱ्या मुठी आहेत. सुपरबाइकला असली चैन कशाला, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. थंडीत बोटं बधिर झाली की ब्रेकच्या लीव्हरवरचा अंदाज जातो, म्हणून गरम मुठी मी सुरक्षिततेतच मोजते. क्रूझ कंट्रोलमुळे उजव्या मनगटाला सरळ रस्त्यावर विश्रांती मिळते आणि वळणं सुरू होतात तेव्हा ते ताजं असतं. दोन तासांनंतर मी बीएमडब्ल्यूवर आर१पेक्षा स्वच्छ चालवते. याचं कारण शरीर थकलेलं नसतं, दुसरं काही नाही.

सस्पेंशनवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. कंपनीच्या सेटिंगमध्ये आर१ माझ्या वजनाला कडक होती. वळणात बारीक खड्ड्यांची रांग आली की मागचं चाक उड्या मारायचं आणि गाडी बाहेरच्या बाजूला सरकायची. आधी स्प्रिंगचा सॅग (मी बसल्यावर ती किती दबते) मोजून प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) कमी केला, मग मागचं कॉम्प्रेशन (सस्पेंशन दबताना होणारा अडसर) थोडं थोडं मोकळं करत गेले. एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा, तोच तुकडा पुन्हा चालवायचा, वहीत लिहायचं. हे करायची तयारी असेल तर आर१चं केवायबी कंपनीचं सस्पेंशन अप्रतिम आहे, साध्या स्क्रूंनी फिरणारं आणि प्रत्येक बदल जाणवून देणारं. बीएमडब्ल्यूवर डॅम्पिंग संगणक बदलतो. मोड बदलला की गाडीचा स्वभाव बदलतो. खराब रस्त्यावर रोड मोड, चांगला रस्ता लागला की डायनॅमिक. स्प्रिंगचं प्रीलोड मात्र तिथेही आपल्या वजनाप्रमाणे हातानेच लावायचं असतं. पुष्कळ जण ते विसरतात आणि मग इलेक्ट्रॉनिक सस्पेंशनला नावं ठेवतात.

याच संदर्भात एक गोष्ट. एका सर्व्हिस सेंटरने यातल्या एका गाडीची चेन नको तितकी ताणून दिली होती. गाडी मागून अचानक लाकडासारखी झाली, आणि मी दोन दिवस डॅम्पिंगचे स्क्रू फिरवत बसले. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) खाली-वर होताना चेनला थोडी ढील लागतेच. ती नसेल तर मागचं सस्पेंशन पुरतं हलूच शकत नाही. सर्व्हिसिंग करून गाडी घरी आणली की आधी चेन बोटाने दाबून पाहा आणि ढील मॅन्युअलमधल्या मापाशी ताडून घ्या.

वळणात शिरताना आर१ चपळ आहे. तिचा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १,४०५ मिलिमीटर, बीएमडब्ल्यूचा १,४४१. डावं-उजवं-डावं अशी जवळजवळ वळणं असली की आर१ नजर जाईल तिथे पोचते. उलट, भरधाव वेगातून जोरात ब्रेक मारताना बीएमडब्ल्यू जमिनीला धरून राहते. ब्रेक दोन्हींचे भक्कम आहेत, पुढे ३२० मिलिमीटरच्या दोन डिस्क, आणि झुकलेल्या गाडीचा अंदाज घेणारं एबीएस दोन्हींना आहे. आर१वर पुढचा लीव्हर दाबला तरी मागच्या ब्रेकला थोडा भाग जातो, त्यामुळे गाडी नाकावर कमी झुकते. मला लीव्हर दाबताच ब्रेक धरतो तो पहिला चावा बीएमडब्ल्यूचा अधिक आवडतो.

स्क्रीनवर फार लिहीत नाही. बीएमडब्ल्यूचा ६.५ इंची पडदा उन्हातही वाचता येतो आणि डाव्या मुठीजवळच्या चाकाने सगळं फिरवता येतं. आर१चा पडदा लहान आहे, मेनू एकात एक दडलेले. पण एकदा सेटिंग लावलं की पुन्हा हात लावायची वेळ क्वचितच येते. क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर दोघींचा वर-खाली दोन्हीकडे चालतो.

पेट्रोलचं सांगायचं तर कंपन्यांचे अधिकृत आकडे १०० किलोमीटरला आर१साठी ७.२ लिटर आणि बीएमडब्ल्यूसाठी ६.४ लिटर असे आहेत, टाक्या १७ आणि १६.५ लिटरच्या. लांब प्रवासात आर१वर पंप आधी शोधावा लागतो. टायरची हवा रस्त्यासाठी दोघींना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय. सरळ रस्त्यावर जास्त चालवलं तर मागचा टायर मधोमध झिजून चपटा होतो आणि मग गाडी झोपवताना एका कडेवरून घसरल्यासारखी पडते. दोन्ही गाड्यांवर हे होतं. टायरची खाच शिल्लक दिसली तरी हे लक्षण आलं की मी टायर बदलते, आणि प्रत्येक वेळी वाटतं की गाडीच नवी झाली.

ट्रॅकवर कोणती वेगवान, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. रेसर तोप्राक राझगातलिओलूने २०२१ मध्ये यामाहावर आणि २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूवर वर्ल्ड सुपरबाइक जिंकली. बीएमडब्ल्यू त्यात एम १००० आरआर होती, म्हणजे याच एस १००० आरआरवरून बेतलेली. तेव्हा आपल्यासारख्यांच्या हातात या दोघींची मर्यादा संपण्याचा प्रश्नच नाही. ट्रॅकवर मी आर१ नेते. तिथे कमी आरपीएमचा अडथळा उरत नाही, थोड्या थोड्या वेळाच्या फेऱ्यांत शरीर थकत नाही, आणि वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल किती उघडायचा हे मी दर फेरीला थोडं अधिक शिकते. इतकं शिकवणारी दुसरी गाडी मी चालवलेली नाही.

एकच गाडी ठेवायची असेल आणि ती मुख्यतः रस्त्यावर चालणार असेल, तर बीएमडब्ल्यू घ्या, आणि तीही २०१९ नंतरची. २०२३ मध्ये तिला २१० पीएस, विंगलेट (हवेच्या जोराने गाडी जमिनीकडे दाबणारे छोटे पंख) आणि स्लाइड कंट्रोल (मागच्या चाकाचं घसरणं आवरणारी यंत्रणा) मिळालं. रस्त्यासाठी एवढ्यापायी जुनी सोडून नवी घेण्याची गरज मला वाटत नाही. ट्रॅकवर नियमित जाणार असाल, सस्पेंशनचे स्क्रू स्वतः फिरवायला आवडत असेल आणि उंची पुरत असेल, तर आर१. मात्र युरोपात २०२५ पासून ती रस्त्यासाठी विकायला नाही, फक्त ट्रॅकसाठी मिळते, त्यामुळे तिथे रस्त्यावर चालवायला वापरलेलीच शोधावी लागेल. वापरलेली पाहताना किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका. फूटपेगची टोकं, लीव्हरची टोकं आणि इंजिनची कव्हरं घासलेली आहेत का पाहा. फोर्कच्या (पुढच्या सस्पेंशनच्या) नळीवर तेलाची रेघ आहे का, ते बोट फिरवून बघा. आणि वाकून ऑइलचा ड्रेन बोल्ट पाहा. तो शर्यतीत सुटू नये म्हणून त्याच्या डोक्याला तार ओवण्याचं बारीक भोक पाडलेलं असेल, तर गाडी ट्रॅकवर जाऊन आलेली आहे, मालक काहीही सांगो.