घोळ की चिवळ?

पाऊस पडून गेला की सोलापूरच्या काळ्या रानात, बांधाला दोन्ही भाज्या दिसतात. कूळ एकच, पण निवडण्याचे कष्ट वेगळे.

घोळीचा देठ जाड, लालसर. पान चमच्यासारखं मांसल. कोवळे शेंडे खुडले की काम झालं. सकाळी खुडलेली घोळ जास्त आंबट लागते, कारण रात्रभरात पानात आम्ल साठतं. म्हणून डाळीत घालताना चिंच टाकू नका. पाव किलो घोळीला अर्धी वाटी तूरडाळ पुरे.

चिवळ जमिनीला चिकटून पसरते. पानं बारीक, पेरापेराशी पांढरी लव आणि तिथंच फुटलेली मुळं. त्या मुळांत माती अडकते. चार-पाच पाण्यांतून काढली नाही तर भाजी कचकचते. पण मूगडाळ, लसूण आणि शेंगदाण्याचं कूट घालून परतलेली चिवळ कडक भाकरीबरोबर घोळीपेक्षा सरस, हे आमचं ठाम मत.

चिवळीत दुधी नावाचं पसरट तण (दुधी भोपळा नव्हे) हमखास मिसळतं. शंका आली की देठ मोडा: पांढरा चीक आला तर फेका. तणनाशक मारलेल्या रानातली कुठलीच नको. दोन्हींत ऑक्झलेट भरपूर, त्यामुळे मुतखडा असणाऱ्यांनी टाळाव्यात.