काकवीसाठी रिओमीटर: कोन-प्लेट घ्यावी की कप-बॉब?

रिओमीटर, म्हणजे द्रवाचा दाटपणा मोजायचं यंत्र, घ्यायचं नक्की झालं की पुढचा प्रश्न जोमेट्रीचा, म्हणजे नमुना धरून फिरवणाऱ्या भागांच्या आकाराचा. पैसे बेताचे असतात, विक्रेता कोटेशनमध्ये एकच जोमेट्री धरतो, आणि ती बहुतेक वेळा कोन-प्लेट असते: सपाट तबकडीवर फिरणारा चपटा शंकू, मधल्या फटीत नमुना. तेल, रंग, मलम तपासणाऱ्याचं तिच्यावर छान भागतं. पण कोल्हापुरात हंगाम लागला की टेबलावर काकवीच्या बाटल्या येतात, आणि काकवी कोनाखाली सरळ वागत नाही.

कोनाची बाजू भक्कम आहे, हे आधीच कबूल. 40 मिमी व्यासाच्या, 1 अंशाच्या कोनाला 0.3 मिली माल पुरतो. तापमान दोन-तीन मिनिटांत बसतं. फटीत सगळीकडे शिअर रेट (द्रवाचे थर एकमेकांवरून किती वेगाने घसरतात ते) सारखाच, त्यामुळे आकडा नंतर दुरुस्त करत बसावं लागत नाही. आणि साफसफाई म्हणजे कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं. याउलट 27 मिमीच्या प्रमाणित कप-बॉबला (कपात फिरणारा दंडगोल, म्हणजे बॉब) 19 मिलीच्या आसपास काकवी ओतावी लागते, ती सगळी एका तापमानाला यायला दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि शेवटी बेसिनशी उभं राहून चिकट कप घासा. शिवाय कपभोवतीचं तापमान राखणारं जॅकेट बहुधा वेगळं विकत घ्यावं लागतं.

तरीही माझा कल कपकडे आहे. कारण एकच, कोनाची कड.

60 अंश सेल्सिअसला काकवी कोनाखाली घ्या, शिअर रेट 50 प्रतिसेकंद ठेवा आणि दहा मिनिटं नुसता आकडा बघा. तो स्थिर राहायला हवा; प्रत्यक्षात हळूहळू चढत जातो. आतली काकवी आहे तशीच असते, कडेची सुकत असते. पाकाच्या बाबतीत हे किती महागात पडतं ते शुद्ध साखरेच्या आकड्यांवरून कळेल: 20 अंशाला 60 ब्रिक्सच्या (वजनाने 60 टक्के साखरेच्या) द्रावणाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, सुमारे 58 सेंटिपॉइज, 70 ब्रिक्सची सुमारे 480. दहा ब्रिक्समध्ये आठपट! त्यात कोनावरचा टॉर्क (फिरवायला लागणारा पीळ, ज्यावरून यंत्र व्हिस्कॉसिटी काढतं) त्रिज्येच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणजे 20 मिमी त्रिज्येतला बाहेरचा जेमतेम 2 मिमीचा पट्टा एकूण टॉर्कपैकी 27 टक्के देतो, आणि नेमका तोच हवेला लागून असतो.

आता आपल्याला शोधायचं काय असतं? गुळासाठी रस 118 अंशांपर्यंत नेतात, काकवी 105-106 लाच उतरवतात. गुळव्याचा हात अंशभर पुढे गेला की ब्रिक्स थोडा सरकतो आणि काकवी घट्ट होते. तो फरक पकडायला यंत्र घ्यायचं आणि कडेच्या सुकण्यात तोच बुडवायचा, हे मला पटत नाही.

यावर उपाय आहेत, नाही असं नाही. ओल्या स्पंजचं झाकण लावतात, पण भरल्या वाफेत काकवी उलट पाणी ओढते. कड पातळ होते आणि आकडा खाली येतो. पावसाळ्यात खोलीच्या तापमानाला तर झाकण न लावताही हे होतं, आणि मार्चच्या दुपारी नेमकं उलटं. दुसरा उपाय म्हणजे कडेभोवती पातळ सिलिकॉन तेलाची रेघ. तिचा उपयोग होतो. फक्त तेल जास्त झालं की कोनाच्या पाठीवर चढतं, आणि मग नुसत्या पाण्याने धुऊन भागत नाही, म्हणजे साफसफाईचा फायदाही गेला.

कपमध्ये हवेला लागतो तो फक्त वरचा थर. साय धरली तरी तिच्यातून फिरतो तो बॉबचा बारीक दांडा, आणि एवढ्या कमी त्रिज्येवर टॉर्क नगण्य. अट एकच: काकवी खुणेपर्यंत भरलेली हवी. कमी भरली तर साय थेट बॉबच्या भिंतीला चिकटते आणि कोनाचंच दुखणं इथेही येतं.

दुसरी गोष्ट गाळाची. कोनाच्या छाटलेल्या टोकाखाली साधारण 50 मायक्रॉन फट असते, आणि कण फटीच्या दहाव्या भागाहून मोठा नको, म्हणजे 5 मायक्रॉन. काकवीत भेंडीच्या चिकाचा धागा, चुन्याची कणी, बाटली मुरल्यावर सुटलेले साखरेचे बारीक खडे, काहीही निघतं. खडा टोकाखाली सापडला की टॉर्कचा आलेख करवतीसारखा होतो. कपची फट 1.13 मिमी, 100 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली काकवी तिथे निवांत फिरते.

कपचा खरा शत्रू हवा. काकवी बंद बाटलीत 60 अंशाला बुडबुडे वर येईपर्यंत ठेवावी, भिंतीवरून धारेने सोडावी, आणि बॉब अगदी सावकाश उतरवावा. झटक्यात उतरवला तर त्याच्या तळाशी फुगा अडकतो आणि आकडा कमी येतो. संशय आला तर बॉब वर घेऊन पुन्हा उतरवा. आकडा बदलला तर हवा होतीच म्हणून समजा.

खरेदीदार स्पिंडल व्हिस्कोमीटरचा (द्रवात दांडा किंवा चकती फिरवून दाटपणा मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा मागत असेल तर त्याचं स्मॉल सॅम्पल अडॅप्टर, म्हणजे थोड्या नमुन्यासाठीची जोडणी, हेही मुळात कप-बॉबच आहे, त्यामुळे तापमान आणि शिअर रेट सारखे ठेवले की आकडे जुळवणं सोपं जातं. बीकरमध्ये बुडवलेल्या चकतीशी मात्र तुलना नको, तिथे शिअर रेट एक असा नसतोच.

नमुना चमचाभरही मिळत नसेल, किंवा 25-30 अंशांवर दोन-तीन मिनिटांत काम उरकत असेल, तर कोन घ्यायला माझी हरकत नाही. कप घेणार असाल तर कोटेशनमध्ये दोन कप आणि दोन बॉब लिहून घ्या. एक जोडी धुऊन वाळत असताना दुसरी तापमानाला येत राहते, आणि दिवसाचे नमुने कोनाच्या फार मागे पडत नाहीत.