लातरून शिवणीत गेलं (पाच महिन्यांनंतर, सुधारित मत)

१९४८च्या जेरुसलेमच्या लढाईवरचं हे जाडजूड पुस्तक सवलतीत ६४० रुपयांना घेतलं. तेव्हा दोन तारे देऊन राग काढला होता. काल आणखी एक पान हातात आलं म्हणून पुन्हा लिहितोय.

तक्रार नकाशाची. अख्ख्या पुस्तकात दोन पानांवर पसरलेला एकच मोठा नकाशा, आणि लातरून हे मोक्याचं ठिकाण नेमकं मधल्या शिवणीत! अहो, तेल अवीवहून जेरुसलेमला जाणारा रस्ता तिथूनच अडवला होता. अरब लीजन, म्हणजे ट्रान्सजॉर्डनचं सैन्य, तिथल्या पोलीस ठाण्यात पाय रोवून बसलेलं, २५ मेपासून इस्रायली हल्ले एकामागून एक फसले, शेवटी डोंगरातून 'बर्मा रोड' नावाचा वळणरस्ता काढावा लागला. हे वाचताना मी पुस्तक उताणं करून दाबतोय, त्यात बाइंडिंगनं जीव सोडला. विक्रेता म्हणाला, परतीची मुदत संपली.

मजकुराला मात्र नावं ठेवता येत नाहीत. जेरुसलेमच्या ज्यू वस्तीला पडलेल्या वेढ्याचा भाग आधी घाईत उरकला होता. पण दुसऱ्यांदा वाचताना तिथेच अडकलो: पाणी मापून वाटलेलं, बायका माळावर खुबेझा या रानभाजीची पानं खुडताहेत, भाजीला तेवढंच. जेरुसलेमच्या रस्त्यावरची कास्तेलची टेकडी तर विसरत नाही. ८ एप्रिलला पॅलेस्टिनी अरबांचे सेनानी अब्दुल कादिर अल-हुसैनी तिथे पडले, त्यांची माणसं अंत्ययात्रेला गेली आणि जिंकलेली टेकडी रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशी दैर यासीन या अरब गावात ज्यू सशस्त्र गटांनी केलेलं हत्याकांड. लेखक कुणालाच पाठीशी घालत नाही.

आणि मग शेवटाकडे पुन्हा नकाशाच! ३० नोव्हेंबरला युद्धविरामासाठी जेरुसलेममधले इस्रायली सेनानी मोशे दायान आणि अरब लीजनचे अब्दुल्ला अल-तल १:२०,००० च्या नकाशावर मेणपेन्सिलींनी आपापल्या रेषा ओढतात. रेषेची जाडी तीन-चार मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर साठ ते ऐंशी मीटर. त्या जाडीखाली घरं, गल्ल्या. कुणाच्या, ते ठरेना. १९६७ पर्यंत शहर त्याच रेषांनी दुभंगलेलं.

मी पट्टी घेऊन माझी शिवण मोजली. सहा मिलिमीटर.

दोनाचे चार तारे केलेत. कोपऱ्यावरच्या बाइंडरनं नव्वद रुपयांत दोरा घालून शिवून दिलं, पानं आता हलत नाहीत. लातरून मात्र आणखी आत गेलं.